मामाचं माप

आजारानं माणूस गेला की आमच्या कोल्हापुरात लगेच त्याची कुस्ती लावतात. मामाच्या दिवसकार्यालाही तेच चाललं होतं. मांडवात बसलेला जो तो म्हणत होता, "पाच वर्षं खेळवलं आजाराला गड्यानं," "शेवटपर्यंत पाठ टेकू दिली न्हाई." मंगळवार पेठेतलं घर, खासबागचं मैदान हाकेच्या अंतरावर, तिथं दुसरं काय सुचणार म्हणा. पण मामा जन्मात तालमीची पायरी चढला नव्हता. त्याला वेड फुटबॉलचं. शाहू स्टेडियमवर बाकीची पेठ घसा फोडत असताना हा कोपऱ्यात बसून कुणाचा पास किती फुटांनी चुकला ते पुटपुटत असायचा. किडनीच्या आजाराशीही तो झुंजला वगैरे नाही. त्यानं तो आजार मोजला. रोज, मिलिलिटरमध्ये आणि ग्रॅममध्ये, वहीत तारीख घालून.

मामा टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. उद्यमनगरात त्याचा भाड्याचा गाळा, आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर आणि भिंतीवर जोतिबाचा फोटो. ऑइल इंजिनांचा जमाना उतरणीला लागला होता, तरी पंपाचे शाफ्ट, बुश, पिना असली किरकोळ कामं सुरू असायची. दिवाळीच्या तोंडावर, गुऱ्हाळं पेटायच्या आधी, चरकाची कामं घेऊन गावागावांतून ट्रॉल्या यायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला मामाकडे सोडायची आणि मी घरात बसायच्या ऐवजी गाळ्यावर जायचे. कूलंटचा तो आंबूस वास, चकमधून वेटोळं घेत निघणारा निळसर कीस, हात लावला की भाजणार हे माहीत असूनही लावावासा वाटणारा. इतर पोरी मामाकडून बाहुल्या आणत असतील. मला मामानं बुशची पेटी आणि एक गेज दिला होता. गेजचं एक टोक बुशात गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. दोन्ही झालं तर जॉब पास. मी दिवसभर दोन राशी करत बसायचे. मध्येच कंटाळून एखादा नुसता बघून टाकला की मामाला पाठमोरं असूनही कळायचं. "अंदाजानं सांगतीस का मोजून? मोजल्याबिगर बोलायचं न्हाई." संध्याकाळी मजुरी म्हणून गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायचा. समोर म्हैस पिळून फेसासकट दिलेला पेला. तो स्वतः दोन प्यायचा.

हे वाचून कुणाला मामा फार गोड माणूस वाटला असेल तर तसं नाही. त्याच्याबरोबर राहणं जिकिरीचं होतं. आईनं भाऊबीजेला ओवाळायला बसवलं की आधी पाट भिंतीला काटकोनात आहे का बघायचा. मामीच्या भाकऱ्यांच्या जाडीवर बोलायचा. शेजाऱ्यानं सामाईक भिंत बांधताना दोन सूत, म्हणजे पाव इंच, आमच्या बाजूला सरकवली म्हणून त्याच्याशी कित्येक वर्षं बोलला नाही, आणि त्या शेजाऱ्याच्या पोरीच्या लग्नालासुद्धा गेला नाही. पाव इंचासाठी! आई म्हणायची, ह्याच्या डोक्यात मेंदूच्या जागी व्हर्नियर आहे.

अशा माणसाला जो आजार झाला तो सगळ्यात न बोलणारा. किडन्या दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. त्यांचं काम निम्म्यावर आलं, त्याच्याही खाली गेलं, तरी माणसाला काही जाणवत नाही. मामाला रक्तदाब होता आणि तो कधीच तपासलेला नव्हता. दिवसभर लेथपाशी उभं राहून कंबर धरायची, त्यासाठी दुकानातून आणून वेदनाशामक गोळ्या, वर्षानुवर्षं. 2016 च्या उन्हाळ्यात पाय सुजायला लागले, अंगाला खाज, जेवणाला कसलीतरी धातूची चव. मामा म्हणाला, कूलंट तोंडात जात असंल. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, 9 च्या वर होतं. ते साधारण 1 च्या आसपास असायला हवं. डॉक्टरांनी आकडा सांगितल्यावर तो गप्प बसला आणि थोड्या वेळानं वैतागून म्हणाला, "बेअरिंग जायला लागलं तर मशीन आधी वाजतंय तरी. हे काय? आतल्या आत!" आजार झाला याच्यापेक्षा त्यानं आधी आवाज दिला नाही याचा त्याला राग होता.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, मंगळवार-गुरुवार-शनिवार, दर वेळी चार तास. केशरी रेशनकार्डावर सरकारच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत, पुढं तिचंच नाव महात्मा फुले योजना झालं, बसलं म्हणून निभावलं, नाहीतर गाळा विकावा लागला असता. दादाची, म्हणजे मामेभावाची, पुण्यात नवी नोकरी. त्यामुळे मला सुट्टी असेल तेव्हा मामाला मोपेडवरून न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तोवर मेकॅनिकलचा डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला लागले होते. 'पोरगी फौंड्रीत काय करणार' म्हणून घरात गदारोळ झाला होता तेव्हा मामानं माझी बाजू घेऊन एक शब्दही उच्चारला नव्हता. लाकडी पेटीतला त्याचा मायक्रोमीटर आणून दिला आणि म्हणाला, "हे पडू देऊ नकोस. नोकरी पडली तरी चालंल."

बहुतेक पेशंट त्या चार तासांत झोपतात किंवा मोबाईल बघतात. मामानं पहिल्या महिन्यातच तिथल्या टेक्निशियनला पकडलं. हे नळकांडं काय, आत काय? टेक्निशियन पोरगा हौशी निघाला. डायलायझरच्या आत दहा हजारांच्या घरात पोकळ तंतू असतात, प्रत्येकाचा आतला व्यास 200 मायक्रॉनच्या आसपास आणि भिंत त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. तंतूंच्या आतून रक्त जातं, बाहेरून उलट्या दिशेनं औषधी द्रावण. मामा ऐकून खूश. "दोनशे मायक्रॉन? म्हणजे पॉइंट दोन एमएम. आणि असले दहा हजार? नाद खुळा!" आजारपणात त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं कौतुक. एकाच पेशंटसाठी डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात, पण त्याची आतली क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या खाली आली की तो टाकून द्यायचा असतो. हे कळल्यापासून मामा दर वेळी सुई टोचायच्या आधी विचारायचा, "आज किती भरला?" नर्स आधी चिडायच्या. पुढं पुढं त्या आकडा सांगतच आत यायच्या.

आणि पाणी. मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रावण, चार तासांत 120 लिटर. एका माणसाचं रक्त एकदा धुवायला सहा घागरी तरी पाणी, तेही आरओमधून काढलेलं. मामानं हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता, आणि पुढच्या पानावर स्वतःचा: दिवसाला एक लिटर. लघवी जवळपास बंद झाली की प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, पायावर येतं, मग फुप्फुसात आणि हृदयावर. एक लिटर म्हणजे वजनाला एक किलो. म्हणून पाणी, चहा, ताक, आमटी सगळं धरून एक लिटर. गोळ्या गिळायला लागतं तेही त्यातच.

घरात पेल्यांची मापं सारखी नव्हती. मामीचा स्टीलचा पेला, पाहुण्यांसाठीची काच, भांडं, फुलपात्र. मामाला ते सहन होईना. बाजारातला प्लॅस्टिकचा मापाचा कप आणला, त्याची रेघ वाकडी निघाली. तेव्हा एका रिकाम्या दुपारी तो गाळ्यावर गेला आणि 304 स्टेनलेसच्या गोल बारचा तुकडा चकमध्ये धरून त्यानं स्वतःचा पेला कातला. डाव्या हातात फिस्टुला होता, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून टोचण्यासाठी केलेली जाड शीर. त्या हातानं वजन उचलायचं नाही, दाब द्यायचा नाही. म्हणून बार उचलून धरायला गाळ्यावरचा पोरगा, बाकी सगळं मामा. आतला व्यास 50 मिलिमीटर, खोली 51. गणित करून बघा, शंभर मिलिलिटर आणि वर थेंबभर. मी म्हटलं, पितळेचा केला असतास तर सोपं गेलं असतं, दिसलाही छान असता. तर म्हणाला, "पितळेला कल्हई आली. कल्हईचा थर माप खाणार. आणि दर वर्षी नवा थर, म्हणजे दर वर्षी नवं माप."

त्या मापानं दिवसाला दहा. सकाळी उठल्यावर अर्धं, चहाला एक, गोळ्यांना अर्धं, असं करत रात्रीपर्यंत. प्यायला की वहीत रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. तहान ही काय चीज आहे ते मी त्याच्याजवळ बसून पाहिलंय. एप्रिलच्या दुपारी जीभ टाळ्याला चिकटलेली असताना तो लिंबाची फोड चोखायचा, बर्फाचा एक खडा तोंडात धरायचा आणि खडा वितळून किती पाणी झालं असेल त्याचीही नोंद करायचा. सकाळी उठल्यावर पहिलं काम फिस्टुलाला बोट लावायचं. आतून रक्ताची झिणझिण बोटाला लागली पाहिजे. ती थांबली तर शीर बंद पडली. नंतर मनगट कानाशी. गाळ्यावर बेअरिंग तपासताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकतात, तसा तो मान तिरकी करून, डोळे मिटून स्वतःला ऐकायचा. मलाही एकदा ऐकवलं. सूं-सूं-सूं असा एक अखंड आवाज. "लागतंय का? मग चाल्लंय."

सगळ्यात कठीण वार रविवार. मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या पाळीत शनिवारनंतर एकदम मंगळवार, म्हणजे रविवार नेमका मोठ्या खंडात येतो. आणि रविवारी कोल्हापुरात काय शिजतं ते सांगायला नको. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात म्हणून मटणाचे चार तुकडे खा असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं. पण रस्सा बंद. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही. तांबड्यात मीठ-तिखट, म्हणजे तहान. मटण उकळून ते पाणी टाकून द्यायचं आणि मग सुकं करायचं. अळणी, म्हणजे मटणाचं ते पहिलं पाणी, ओतून द्यायची! मामी पातेलं घेऊन मोरीपाशी नुसती उभी राहिलेली मी पाहिली आहे. भाज्यांचंही तेच. बारीक चिरायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, पुन्हा शिजवून पाणी फेकायचं. टोमॅटो, शहाळं, केळी बंद. गूळ बंद, उसाचा रस बंद, गंगावेशीचं दूध बंद. कोल्हापूर ज्या ज्या गोष्टींसाठी ओळखलं जातं ते सगळं पोटॅशियम आहे, असं मामा म्हणायचा.

शेवटी त्यानं बाईंशी घासाघीस केली. मालावर भाव ठरवावा तशी, पण आकड्यांत. पोटॅशियमचा रिपोर्ट पाचच्या खाली असेल त्या महिन्यात, पंधरा दिवसांतून एका रविवारी, अर्धं माप पांढरा रस्सा. बदल्यात त्या दिवशीचा दुपारचा चहा कट. बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. मग त्या रविवारी मामा ते 50 मिलिलिटर ताटात समोर ठेवून, सगळं जेवण झाल्यावर, सगळ्यात शेवटी चमच्यानं प्यायचा. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागायची. त्या वेळात कुणी त्याच्याशी बोललेलं चालायचं नाही.

मामी या सगळ्यात काय करत होती ते मला फार उशिरा कळलं. ती अंदाजानं स्वयंपाक करणारी बाई. चिमूट, मूठ, ओंजळ. तिच्या स्वयंपाकघरात मामाचं माप शिरलं तेव्हा ती कुरकुरली, पण नंतर तिच्या हाताला ते बसलं. एकदा मी विचारलं, "मामी, तू जेवताना पाणी घेत नाहीस होय?" तर आमटी ढवळता ढवळता म्हणाली, "डायलिसिस लागल्यापास्नं मी ह्यांच्यासमोर कधी पाणी प्यालो न्हाई. आत येऊन पितो." एवढंच म्हणाली आणि झाकण ठेवलं.

आता जे लिहायचंय त्यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. किडनी बदलायचा विषय निघाला होता. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यानं जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, पुढं 2011 च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं त्यात आली. भाची त्यात बसत नाही, तिला परवानगी देणाऱ्या समितीपुढं जावं लागतं. आईला मधुमेह, म्हणून ती बाद. मामीचा रक्तगट जुळेना. राहिला दादा. तेव्हा चोवीस वर्षांचा, धडधाकट, रक्तगट तोच. तो पुण्याहून रजा टाकून आला आणि म्हणाला, तपासण्या करून घेऊ. मामा म्हणाला, नाही.

डॉक्टरांनी समजावलं. देणाऱ्याच्या किती तरी चाचण्या होतात, जरा जरी शंका असली तर तेच नको म्हणतात. एक किडनी काढली की दुसरी हळूहळू जास्त काम उचलते, माणूस नोकरी करतो, संसार करतो. मामा ऐकून घ्यायचा आणि पुन्हा नाही. "त्याचं अजून सगळं व्हायचंय." दादा रडला, भांडला, महिनाभर फोन केला नाही. मी मामाला गाडीवर मागं बसवून डायलिसिसला नेताना रंकाळ्याच्या कडेला थांबवून सुनावलं होतं, "मोजल्याबिगर बोलायचं न्हाई म्हणतोस ना? मग तपासण्या तरी होऊ देत. आकडे बघ आणि मग नाही म्हण." तो तळ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आकडे चांगले आले तर काय करू?"

माझं मत आजही त्याच्या विरुद्ध आहे. मला वाटतं त्यानं दादावर अन्याय केला. बापाला काही द्यायची पोराची एकच संधी होती, ती त्यानं न मोजता नाकारली. आई म्हणते, बाप असाच असतो. असेल. पण जो माणूस बर्फाचा खडा मोजत होता त्यानं तेवढी एकच गोष्ट मोजायला घाबरावं, हे मला अजून जड जातं. दादाला आता मुलगी आहे. त्याला याबद्दल काय वाटतं ते मी विचारत नाही.

2019 चा ऑगस्ट कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पावसाळ्यात आमच्या शहराला फुटांची भाषा येते. दुधाच्या रांगेत, पानाच्या टपरीवर, सगळीकडं एकच प्रश्न, "किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 ला धोका. त्या वर्षी ती 55 फुटांच्या पुढं गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहराचं बेट झालेलं. उपसा केंद्रं बुडाली, नळ बंद. चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही अवस्था साऱ्या शहराला तेव्हा कळली. मामाला डायलिसिसचं चौथं वर्ष चालू होतं. टँकरमागं घागरी घेऊन धावणाऱ्या बायका बघून तो खिडकीतून म्हणाला, "आता समद्यांनाच एक लिटर." विनोद वाईट होता, पण त्याच्या तोंडी शोभला.

प्रश्न डायलिसिसचा होता. दर पेशंटला 120 लिटर आणायचे कुठून? सेंटरवाल्यांनी टँकर मिळवले, पण पुरेनात. चाराचे तीन तास केले. काही पेशंट तर पोचलेच नाहीत. आंबेवाडीकडचे एकजण बोटीतून बाहेर आले, चार-पाच दिवस चुकलेले, चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, धड आडवं होता येत नव्हतं. त्या दिवशी मामाचा नंबर होता. मी त्याला घेऊन गेले होते. त्यानं आत जाऊन वजनकाट्यावर उभं राहून बघितलं, वही काढली, आदल्या दिवसांच्या रेघा मोजल्या. पूर आल्यापासून त्यानं दहाची सहा मापं केली होती. वजन किलोभरच वाढलं होतं. पोटॅशियम काय ते टेक्निशियनला बघायला लावलं. मग नर्सला म्हणाला, "मला उद्या लावा. ह्यास्नी आत घ्या. माझं उद्यापर्यंत बसतंय." डॉक्टरांना विचारलं गेलं, त्यांनी कागद बघून होकार दिला. मामा वही खिशात घालून बाहेर आला आणि मला म्हणाला, "चल, गाडी काढ." कुणी आभार मानायच्या आत आम्ही बाहेर.

पुढं लोकांनी याचं मोठेपण केलं. त्याला ते आवडायचं नाही. त्याच्या लेखी त्यात मोठेपण नव्हतंच, शिल्लक होती. वहीत शिल्लक दिसत होती म्हणून दिली. वजन तीन किलो वाढलेलं असतं तर तो बेडवरून हलला नसता, हेही मला माहीत आहे.

त्याच पुरानंतर मापाची मागणी सुरू झाली. शेजारच्या बेडवरच्यांनी बघितलं, मलाही एक करून द्या. मग दुसऱ्यानं. मामा बारचे उरलेले तुकडे जपून ठेवायचा आणि काम नसेल तेव्हा एकेक पेला कातून न्यायचा. पैसे घ्यायचा नाही, पण देताना अट घालायचा: वही घाल, नाहीतर परत दे. एकाचं खरंच परत आणलं होतं.

लॉकडाऊनमध्ये पोलिसांचा पास छातीला लावून आम्ही रिकाम्या रस्त्यांनी गेलो-आलो, ते सगळं निभावलं. 2021 च्या फेब्रुवारीत एका पहाटे मामा झोपेतच गेला. हृदय. डायलिसिसवरची पुष्कळ माणसं अशीच जातात, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेलं. वहीत आदल्या दिवशीच्या नऊ रेघा होत्या. दहाव्याच्या दिवशी पंचगंगेवर दादानं पिंडाजवळ शहाळं ठेवलं, केळी ठेवली, गुळाचा खडा ठेवला. कावळा लगेच आला. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती. मामी पाठीमागून म्हणाली, "राहिली नव्हती कशी? शहाळ्याला पैल्यांदा चोच लावली बघा."

2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणावरून आणलेल्या थेट पाइपलाइनचं पाणी एकदाचं शहरात आलं. मामानं या पाइपलाइनवरून उभ्या आयुष्यात जेवढ्या शिव्या दिल्या होत्या तेवढ्या त्या शेजाऱ्यालाही दिल्या नसतील. त्या दिवशी मामीकडे गेले तर तिनं नळाखाली पातेलं लावलं होतं. मला पाणी दिलं, स्वतःही घेतलं, बाहेरच्या खोलीत बसून.

मी अजून त्याच फौंड्रीत कामाला आहे, आता इन्स्पेक्शनची सगळी जबाबदारी माझ्याकडे. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, ब्लोहोल म्हणजे हवेची पोकळी असते, वाळू अडकलेली असते, माप कमी-जास्त असतं. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई सुटली की प्रॉडक्शनचे लोक टेबलापाशी येऊन उभे राहतात. "मॅडम, सोडा की एवढा लॉट. कुणाला कळतंय?" पूर्वी मी चिडायचे. आता नुसतं व्हर्नियर त्यांच्या हातात देते आणि म्हणते, तुम्हीच मोजा आणि सही करा. आजवर कुणी सही केलेली नाही. उलट एखादा जॉब दुसऱ्या कुणी अंदाजानं बाद केलेला असेल तर तोही उचलून मोजते. असे पुष्कळ पास निघालेत, आणि त्यामागं कुणाच्या तरी पाळीचा घाम असतो. वर्षातून दोनदा रक्तदाब आणि क्रिएटिनिन बघते, दादालाही बघायला लावते. त्याला मेसेज काय करते, तर आकडा पाठव. तोही पाठवतो.

गाळा आता त्या पोरग्याकडे आहे, मामाचा बार उचलून धरायचा त्याच्याकडे. परवा त्याचा फोन आला, ताई, गडहिंग्लजहून एकजण आलाय, नवीन डायलिसिस लागलंय, कुणीतरी त्याला मापाचं सांगितलं, मी केलंय पण तुम्ही बघून जा. कामावरून येताना गेले. माणूस पस्तिशीचा, अंग सुजलेलं, बायको शेजारी पिशवी धरून उभी. पेला टेबलावर होता, चकाचक पॉलिश केलेला. मी खोली बघितली. 52.

"एक मिलिमीटर जास्त आहे रे."

"ताई, म्हणजे दोन मिलिलिटर. दोन मिलिलिटरनं काय व्हतंय?"

"दहा मापांना वीस. महिन्याला अर्ध्या लिटरच्या वर गेलास."

त्यानं डोकं खाजवलं. नवा बार आता कुठून आणू, असा चेहरा.

"टाकू नको. वरच्या कडेला एक मिलिमीटर फेसिंग घे, झालं."

त्याचा चेहरा उजळला. पेला चकमध्ये गेला, मशीन सुरू झालं. तोवर मी त्या बाईला वही कशी घालायची ते सांगत होते. रेघा कशा मारायच्या, वजन कधी करायचं, बर्फ कसा धरायचा. तिचा नवरा इतका वेळ गप्प होता. मशीन थांबल्यावर त्यानं पेला हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं,

"ह्यात चहा पण धरायचा?"

"धरायचा."

"ताक?"

"ते पण. आमटी, रस्सा, सगळं."

"रस्सा पण?" तो बायकोकडं बघून म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.